पालथं पाकीट

“कशावरून?” बाईंनी विचारलं.

“कशावरून म्हणजे? खैर आहे, बाई. दिसतोय ना.”

“कुठे?”

हेरंबनं सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं. वाळू भरलेल्या बशीत कोळशाचा एक तुकडा उभा खोचला होता. नुकताच मोडलेला. वरच्या दिव्याच्या उजेडात त्याची ताजी बाजू चकाकत होती.

बाई वाकल्या नाहीत. त्या बशीकडे पाहत नव्हत्याच. बशीशेजारी एक खाकी पाकीट पडलं होतं, त्याच्याकडे पाहत होत्या.

पाकीट उताणं होतं.

आता हे बाई-हेरंब कोण, ते सांगायला हवं.

कुमुदिनीबाई शेजवलकर. लाकूड ओळखण्यात जन्म गेला. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण सकाळी दहाला प्रयोगशाळेचं दार त्याच उघडायच्या. जुन्या देवळाची तुळई, बुडालेल्या गलबताची फळी, चोरीच्या ट्रकमधला ओंडका, उत्खननात निघालेल्या चुलीतला कोळसा, सगळं शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं. त्यावर त्या दोन ओळी लिहायच्या. फार झालं तर तीन.

हेरंब धामणस्कर त्यांचा शिष्य. पोरगा हुशार, यात वादच नाही. पण हुशारीला गप्प बसवत नाही, हीच तर पंचाईत. लग्नाच्या पंगतीत बसला की हा आधी पाट वाजवून बघणार. मग यजमानाला सांगणार, “काका, साग म्हणून दिला ना? आंबा आहे.” यजमानाचा जिलबीचा हात तिथल्या तिथे आखडायचा. स्वतःच्या साखरपुड्यात त्यानं सासऱ्यांच्या शिसवी कपाटाचं असंच काहीतरी केलं होतं. ते लग्न तरीही झालं, ही त्याच्या बायकोची मोठी पुण्याई म्हणायची.

महिनाअखेरीस बाई सही करणं थांबवणार होत्या. पुढचे अहवाल हेरंबच्या एकट्याच्या सहीनं जायचे. तसं ठरलं होतं, पण बाईंच्या तोंडून अजून ‘हो’ निघालं नव्हतं.

आणि या प्रयोगशाळेत एक रीत होती.

नमुना आला की शिपाई झेंडेमामांनी पाकीट उघडायचं, आतला तुकडा बशीत काढायचा आणि पाकीट टेबलावर पालथं ठेवायचं. कुठून आलं, कोणी पाठवलं, काय संशय आहे, हे सगळं वरच्या बाजूला लिहिलेलं. ते वाचायचं नाही. आधी तुकडा बघायचा, काय दिसलं ते बोलायचं, मग पाकीट उलटायचं.

नव्या मुलांना याची गंमत वाटे. पालथ्या घड्यावर पाणी ऐकलंय, पालथं पाकीट इथेच पाहिलं, असं एकमेकांत म्हणत. हेरंबला तर हे सोवळंओवळंच वाटायचं. म्हातारपणी माणसाला एखादं सोवळं लागतं, बाईंना हे लागतं, असं त्यानं घरी बोलूनही दाखवलं होतं.

त्या दिवशी झेंडेमामा भाचीच्या लग्नाला गेले होते.

त्यामुळे पाकीट थेट हेरंबच्या हातात आलं. घेऊन आले होते स्वतः वनपाल. लांबून आलेला माणूस म्हणून त्यानं त्यांना कोपऱ्यावर चहाला नेलं. चहाबरोबर हकीकतही आली.

घाटाखालच्या चिंचवलीच्या रानात कोळशाची भट्टी सापडली होती. लावणारा चांगो हिलम, कातकरी. राखीव जंगलात खैराचे बुंधे तोडलेले, आणि तिथून हाकेच्या अंतरावर ही भट्टी. चांगो म्हणतो, मी खैराला हात लावला नाही. ओढ्याकाठच्या बाभळी तोडल्या, शेठनं दाखवल्या त्या. शेठ पसार. चांगो कोठडीत.

बाभूळ असेल तर कोणी विचारत नाही. खैर असेल तर मात्र खटला, आणि खटला म्हणजे काय, ते कातकरवाडीला सांगावं लागत नाही.

“खैरच आहे हो,” वनपाल बशीतला चहा फुंकत म्हणाले. “फक्त तुमच्याकडून शिक्कामोर्तब हवं.”

“बघतो की,” हेरंब म्हणाला.

परत येऊन त्यानं एक कोळसा उचलला, पात्याची धार टेकवली, कट्कन दोन तुकडे केले. एक वाळूत खोचला, दुसरा तसाच टेबलावर राहिला. डोळा लावला आणि मान हलवली.

प्रयोगशाळेच्या बाहेर, व्हरांड्यातल्या दगडी बाकावर एक बाई सकाळपासून बसली होती. बुधी हिलम, चांगोची बायको. कोणीतरी तिला सांगितलं होतं की कोळसा पुण्याला गेलाय, तिथे त्याला बोलतं करतात. ती कोळशाच्या मागोमाग एसटीनं आली होती.

हेरंब हात धुवायला बाहेर आला, तशी ती उठली.

“सायेब, काय निघालं?”

त्यानं सांगायला नको होतं. पण माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवणं त्याला कधी जमलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला तिची कीवही आली. उगाच ताटकळत बसलीय बिचारी, असं त्याला वाटलं.

“खैर निघाला, ताई.”

ती खाली बसली आणि फडक्यातली भाकरी, जी अजून सोडलीही नव्हती, ती पुन्हा आवळून बांधू लागली.

त्या दिवशी बाईंना नेमका उशीर झाला होता, हे सगळं झालं तेव्हा त्या यायच्या होत्या. त्या आल्या आणि म्हणाल्या, कशावरून.

“किरण बघा ना, बाई,” हेरंब म्हणाला. “अरुंद आहेत.”

लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या बारीक रेघा असतात. त्यांना किरण म्हणतात. बाभळीत ते रुंद, खैरात अरुंद, असं पुस्तकात दिलंय. ओलं लाकूड असतं तर प्रश्नच नव्हता. खैराचा गाभा लालभडक, हाताला जड, त्यात चुन्यासारख्या पांढऱ्या रेघा. शेंबडं पोरही ओळखेल. पण एकदा भट्टी लागली की रंग जातो, वास जातो, वजन जातं. वर आच लागून लाकूड आकसतं ते वेगळंच. मागे उरते ती पेशींची नुसती मांडणी. आणि खैर-बाभूळ तर मावसभाऊ, चेहरेपट्टी एकच.

“मोजलेस?”

“मोजायला कशाला हवं? इतकी वर्षं बघतोय.”

बाई हं म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. पाकीट उचललं आणि त्यावरचं सगळं वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत, सावकाश. तुकडा बघायच्या आधी बाईंना पाकीट वाचताना हेरंबनं कधी पाहिलं नव्हतं.

त्याला बरं वाटलं. म्हातारी वळतेय म्हणायची, असं मनात आलं.

“चहा घेऊया?” बाई म्हणाल्या.

“मी आत्ताच घेतला.”

“मला घ्यायचाय. टाक जरा.”

हेरंब कोपऱ्यातल्या शेगडीकडे गेला. आधण ठेवलं, आलं किसलं. पाठीमागे डबे हलवल्याचा आवाज आला. बाईंच्या कपाटात कोळशाचे पुष्कळ डबे होते. प्रत्येक शिष्यानं पहिल्या वर्षी आपल्या हातानं झाडाची फांदी तोडायची, भाजायची आणि डब्यात टाकायची, हीसुद्धा तिथली एक रीत. नव्या पोरांना सरावाला तेच तुकडे मिळत.

तो कप घेऊन आला तेव्हा टेबलावर एक पत्र्याचा डबा होता. झाकण उघडून बाजूला ठेवलेलं. डब्यापुढे दुसऱ्या बशीत एक कोळसा.

“हाही बघ,” बाई म्हणाल्या.

“हा कुठला?”

“बघ.”

हेरंबला हसू आलं. सहीचा हक्क द्यायच्या आधी म्हातारीला परीक्षा घ्यायची हौस. घ्या. त्यानं खुर्ची ओढली. ओढता ओढता नजर झाकणावर गेली. झाकणावर पांढऱ्या रंगात जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं : बाभूळ. बांधावरची.

आता नजरेला कोण अडवणार?

त्यानं तुकड्याचं वरचं टोक मोडलं. ताजी बाजू वर करून वाळूत खोचला. डोळा लावला.

बाईंचा चहा अर्धाही संपला नव्हता.

“बाभूळ,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“किरण बघा. चांगले रुंद आहेत.”

“रुंद?”

“हो.”

“मघाशी होते त्याहून?”

“अर्थात. शेजारी ठेवून बघा हवं तर. जमीन-अस्मानाचा फरक आहे.”

“ठेवूया,” बाई म्हणाल्या.

त्यांनी कप खाली ठेवला. उजव्या हातानं सकाळच्या बशीतला तुकडा वाळूतून उपटला. डाव्या हातानं आत्ताचा. दोन्हींवरची वाळू फुंकली. मग एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला लावलं आणि अंगठ्यानं किंचित फिरवलं.

तुकडे एकमेकांत बसले.

मधे फट दिसेना. एका तुकड्यावरची भेग दुसऱ्यावर जशीच्या तशी पुढे गेली. सालीजवळचा एक टवका सकाळी पात्याखाली अर्धवट उडाला होता, त्याचीही दोन्ही अंगं जुळली.

बाईंनी तो अख्खा कोळसा हेरंबच्या तळहातावर ठेवला.

बाहेर कोणीतरी नळ सोडला, तो वाहत राहिला.

“हा... हा तर सकाळचाच,” तो शेवटी म्हणाला.

बाईंनी कप उचलला.

“माझाच तुकडा. मीच मोडलेला.”

“आलं छान पडलंय,” बाई म्हणाल्या.

हेरंबचे कान तापले. तो चिडला, ते आधी बाईंवर. हा काय पोरखेळ, मला डब्याचं झाकण दाखवून फसवलंत, असं त्याच्या ओठांवर आलं. बोलायला गेला आणि थबकला. झाकण दाखवून जो फसतो, तो पाकीट दाखवूनही फसलेला असणार, हे त्याचं त्यालाच कळलं. मग मात्र त्याला लाज वाटली. चारचौघांत फजिती झाल्यावर वाटते तसली नाही, कारण तिथे चारचौघे नव्हतेच. त्याला बाकावरची बुधी आठवली.

त्यानं मोजपट्टी काढली.

जेवणाची वेळ टळली तरी तो मोजत होता. पाकिटातला एकेक कोळसा मोडायचा, आडव्या बाजूनं बघायचा, उभ्या दोन्ही बाजूंनी बघायचा, किरण मोजायचे, आकडा लिहायचा. काही किरण रुंदीकडे झुकत, काही अरुंदपणाकडे, आणि बहुतेक सगळे मधल्या जागेत, जिथे खैरही असू शकतो आणि बाभूळही. झाडांनी पुस्तक वाचलेलं नसतं. त्यात आच लागून कोण किती आकसलं, ते कोणी सांगावं!

दोनदा त्याला वाटलं, आता हाती लागलं. पहिल्यांदा वाटलं, खैर. मग त्याच्या लक्षात आलं की मोजण्यासाठी किरण निवडताना आपला हात अरुंद किरणांकडेच जातोय. त्यानं ते आकडे खोडले. दुसऱ्यांदा बाभूळ वाटली. ते आकडे तपासले, तेव्हा बुधीची भाकरी त्यात शिरली होती. तेही खोडले.

बाई खिडकीशी बसून कुठलंसं जुनं लाकूड तासत होत्या. मदतीला आल्या नाहीत. आणि त्यानंही बोलावलं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा हेरंबनं अहवाल लिहिला. दोनच ओळी झाल्या. बाभूळकुळातलं लाकूड, खैर किंवा बाभूळ. कोळशावरून याच्यापुढे सांगता येत नाही.

वनपाल आले. वाचलं. उलटून मागे काही आहे का ते बघितलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“अहो, सकाळी तुम्ही खैर म्हणालात!”

“तुम्ही म्हणालात. मग मी म्हणालो.”

“मग त्यात काय बदललं?”

हेरंबनं पेनाला टोपण लावलं.

“तिकडे खैराचे बुंधे उभे आहेत तोडलेले,” वनपालांचा आवाज चढला. “ते काय वाऱ्यानं पडले? दोन पावसाळे जागतोय मी त्या रानात. या कागदावर तो उद्या सुटेल, कळतंय का तुम्हाला?”

माणूस वाईट नव्हता, आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. हेरंबनं बाईंकडे पाहिलं. बाई लाकडावरचा भुसा झटकत होत्या.

“सुटेल असं मी लिहिलेलं नाही,” हेरंब म्हणाला. “तोडला नाही असंही नाही लिहिलेलं. बुंधे आहेत ना तुमच्याकडे? बुंधे पाठवा. ते जळलेले नाहीत, ते बोलतील. त्या बाभळींचेही आणा, ओढ्याकाठचे. आहेत की नाहीत ते तरी कळेल.”

“आणि तोवर?”

“तोवर मला माहीत नाही.”

वनपाल गेले. जिना उतरताना ते काय बोलले ते ऐकू आलं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

हेरंब व्हरांड्यात आला. बुधी बसलीच होती. परतीच्या गाडीला अवकाश होता, की जायला पाय निघत नव्हता, कोण जाणे.

“ताई,” तो म्हणाला, “सकाळी मी चुकीचं सांगितलं.”

ती झटकन उठली. “मंग बाभूळ हाय?”

“तसंही नाही.”

“मंग?”

“खैर असेल. बाभूळ असेल. कोळशावरून कळत नाही. मला... माहीत नाही.”

बुधी त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघितलं. तिच्या नवऱ्याची बोटं वर्षातले सहा महिने तशीच असायची.

“सकाळी तर माहीत व्हतं,” ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. हेरंबला वाटलं, हिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कागदात काय लिवलं?”

“हेच. माहीत नाही म्हणून.”

“त्यानं सुटंल?”

“कदाचित सुटेल. पण बुंधे तपासले जातील.”

तिनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि उभ्या उभ्याच खाऊ लागली. दिवसभरातला पहिला घास असावा. हेरंबनं तिला पाणी आणून दिलं. ते ती प्यायली. चांगोनं काय तोडलं हे त्यानं तिला विचारलं नाही, आणि तिनंही आपण होऊन काही सांगितलं नाही.

तो आत आला. बाई दिवा बंद करत होत्या. टेबल पुसून झालं होतं. पुसलेल्या टेबलावर बशीत तेवढा तो कोळसा होता, दोन अर्ध्यांचा, अजून जुळलेलाच. शेजारी खाकी पाकीट.

बाईंनी ते आता पालथं ठेवलं होतं.

“बाई,” हेरंब म्हणाला, “इथून पुढे सही कोणाची?”

“तुझीच आहे ना कागदावर?”

सकाळी हे ऐकलं असतं तर त्यानं बायकोला तिथूनच फोन केला असता. आता त्यानं नुसती मान हलवली. पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

“एक विचारू?”

“हं.”

“कागदात नाही लिहिणार. कोणाला सांगणारही नाही. पण तुम्ही पन्नास वर्षं हेच केलंत...” तो अडखळला. “तुम्हाला तर कळलं असेल. नुसतं माझ्यासाठी सांगा. खैर आहे की बाभूळ?”

बाईंनी कोळसा उचलला. तो त्यांच्या हातात दोन झाला. एक तुकडा नाकाशी नेला, जसं काही त्यात अजून वास उरला असेल. मग दोन्ही तुकडे बशीत ठेवले आणि पदराला हात पुसले.

“मला नको विचारू, हेरंब,” त्या म्हणाल्या. “मीही पाकीट वाचलंय.”